रेडिएटर हाताला कोमट लागला तरी चालेल

वाचकाचं पत्र

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. तीन बेडरूमचं जुनं सेमी-डिटॅच्ड घर आहे, स्वयंपाकघरातल्या कपाटात गॅसचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे पाण्याची वेगळी टाकी नसलेला. नळाचं पाणी तोच तापवतो, आणि खोल्यांतल्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घरही तोच तापवतो. गेल्या हिवाळ्याचं गॅसचं बिल बघून पोटात गोळाच आला. ह्यांचं म्हणणं, थर्मोस्टॅट १८ च्या वर न्यायचाच नाही. सासूबाई ऑक्टोबरात साताऱ्याहून येतात आणि फेब्रुवारीपर्यंत असतात. त्यांना १८ अंशांत हुडहुडी भरते, मग आम्ही कामावर गेलो की त्या काटा सरळ २५ वर नेतात. संध्याकाळी त्यावरून कुरबूर ठरलेली. एक मैत्रीण म्हणाली, बॉयलरवरचाच आकडा कमी कर. आमच्या बॉयलरवर रेडिएटरच्या चित्रापाशी ७५ आणि नळाच्या चित्रापाशी ६० दिसतं, पण त्याला हात लावायची भीती वाटते. पुण्यात आंघोळी आटोपल्या की गीझर बंद करायची सवय होती. तसा हा रात्री भिंतीवरच्या स्विचनेच बंद करून टाकला तर? शिवाय फेब्रुवारीत सासूबाईंना सोडायला आम्ही सगळेच दहा दिवस भारतात जाणार आहोत, तेव्हा काय करायचं?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरात तापमानाचे तीन आकडे आहेत आणि तुमची रोजची कुरबूर नेमकी नको त्या आकड्यावरून चालली आहे. पॅसेजमधल्या थर्मोस्टॅटचा आकडा एवढंच ठरवतो की घर किती उबदार झालं की थांबायचं. बॉयलरवर रेडिएटरच्या चित्रापाशी दिसणारा ७५ म्हणजे रेडिएटरकडे पाठवलं जाणारं पाणी किती तापलेलं असेल ते. नळापाशी दिसणारा ६० म्हणजे नळाला येणारं गरम पाणी. तुमचे यजमान आणि सासूबाई पहिल्या आकड्यावरून भांडतात. कमी करायचा आहे तो दुसरा, आणि थोडासा तिसरा. तुमची मैत्रीण बरोबर सांगते आहे.

७५ मध्ये वाईट काय, ते समजलं की हात लावायची भीती आपोआप जाईल. गॅस जळतो तेव्हा उष्णतेबरोबर पाण्याची वाफही तयार होते. एक घनमीटर गॅस जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं, आणि गॅसमधल्या ऊर्जेचा जवळपास दहावा हिस्सा त्या वाफेत अडकलेला असतो. जुने बॉयलर ही वाफ धुराड्यातून तशीच सोडून देत. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून, मोजके अपवाद सोडले तर, नवा गॅस बॉयलर बसवायचा तो कंडेन्सिंग प्रकारचाच, असा नियम झाला. या प्रकारात वाफेचं आतल्या आतच पाणी केलं जातं आणि तिच्यातली उष्णता परत मिळवली जाते. तुमचा बॉयलर त्यानंतरचा असणार. कपाटात वाकून पाहिलंत तर खालून एक पांढरी प्लॅस्टिकची नळी निघून बाहेरच्या गटाराकडे किंवा सिंकच्या पाइपाकडे गेलेली दिसेल. वाफेचं झालेलं पाणी तिच्यातून जातं.

पण वाफेचं पाणी व्हायला काहीतरी गार लागतं. भाजी शिजताना वर पाण्याचं ताट ठेवलं की त्याला खालून थेंब धरतात, कारण ताट गार असतं. बॉयलरमध्ये त्या ताटाचं काम रेडिएटरमधून फिरून परत आलेलं पाणी करतं. हे परतीचं पाणी साधारण ५४ अंशांच्या खाली असेल तरच वाफेचं पाणी होऊ लागतं, आणि जितकं खाली, तितकं जास्त होतं. तुम्ही ७५ अंशांवर पाणी पाठवता, ते घरभर फिरून साठच्या आसपास परत येतं. म्हणजे बॉयलर चांगला तापला की ती वाफ बरीचशी जशीच्या तशी बाहेर जाते. लेबलवर नव्वद टक्क्यांच्या वरची कार्यक्षमता छापलेली असते ना, ती अशा वेळी मिळत नाही. पैसे कंडेन्सिंग बॉयलरचे मोजले, तो चालवला जातो जुन्या बॉयलरसारखा.

हा काही तुमचा दोष नाही. बॉयलर बसवणारे बहुतेक वेळा आकडा ७५-८० वर ठेवून जातात. कडाक्याच्या थंडीतही ‘घर तापत नाही’ असा फोन त्यांना येऊ नये, एवढंच त्यामागे असतं. घरातल्यांना कोणी काही समजावून सांगत नाही, आणि मग तो आकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो. मला याचं फार वाईट वाटतं. नवं घर घेतलेल्या कुटुंबांना केटलपासून धुलाई मशीनपर्यंत सगळं दाखवलं जातं आणि जिच्यावर सगळ्यात जास्त गॅस खर्च होतो त्या वस्तूची मात्र कोणी ओळखच करून देत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आधी मोबाइलवर बॉयलरच्या दर्शनी भागाचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे काहीही झालं तरी मूळ आकड्यांवर परत येता येईल. दर्शनी बाजूची बटणं घरातल्या माणसांनी वापरण्यासाठीच असतात. कव्हर उघडायचं नाही, एवढंच पथ्य. मग रेडिएटरच्या चित्रापाशी असलेलं बटण किंवा चकती फिरवा. बहुतेक मॉडेलमध्ये फिरवताना डिस्प्लेवर आकडा लुकलुकतो, हवा तिथे थांबलात की काही सेकंदांत पक्का होतो. काही मॉडेलमध्ये शेवटी ‘ओके’ दाबावं लागतं. काही जुन्या बॉयलरवर आकडे नसतातच, नुसते ठिपके किंवा एक ते सहा असे अंक असतात. तिथे माहितीपुस्तिका काढावी लागते, आणि ती हरवली असेल तर मॉडेलच्या नावावरून कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते.

७५ वरून एकदम ५० वर उडी मारू नका. आधी ६५ करा, चार-पाच दिवस राहू द्या. घर नेहमीसारखं उबदार होतंय असं वाटलं तर ६०. पुन्हा काही दिवसांनी ५५. तुमच्या घरासारख्या जुन्या विटांच्या घरात कुठे थांबायचं ते खिडक्या, पोटमाळ्यावरचं इन्सुलेशन आणि रेडिएटरचा आकार यांवर ठरतं. बहुतेक घरांमध्ये ६० अंश अगदी आरामात चालतात, कित्येक ठिकाणी ५५ सुद्धा. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या: पाणी कमी तापलेलं असलं की रेडिएटरही कमी उष्णता सोडतो. ५५ अंशांचं पाणी पाठवलं तर तोच रेडिएटर ७५-८० च्या मानाने साधारण निम्मीच उष्णता देतो. म्हणून घर तापायला वेळ जास्त लागतो. सकाळी सहाला हीटिंग लावत असाल तर साडेपाचला लावा. बॉयलर जास्त वेळ चालतोय हे बघून घाबरू नका, तो मंद आचेवर चालतोय आणि त्यातच तुमची बचत आहे. इंग्लंडातल्या नेहमीच्या हिवाळ्यात, बाहेर सहा-सात अंश असताना, ही निम्मी उष्णता सहसा पुरते. बाहेर शून्याच्या खाली गेलं की मात्र चार दिवस ६५ वर न्या आणि थंडी ओसरली की परत खाली आणा. त्यात कमीपणा काही नाही.

आता सासूबाईंकडे येते, कारण मला तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तो वाटला. त्यांच्या उबेतून बचत काढू नका. इथली आरोग्यसेवा एनएचएस घरातलं तापमान किमान १८ अंश ठेवायला सांगते. १८ ही तळाची मर्यादा आहे. सत्तरीतलं माणूस दिवसभर खुर्चीत बसून असेल तर १८ मध्ये गारठणारच. त्यात आयुष्य साताऱ्यात गेलेलं. तिथे थंडीतसुद्धा दुपारी अंगणात ऊन असतं, इथे डिसेंबरात चार वाजता अंधार. त्या काटा २५ वर नेतात तो हट्ट म्हणून नव्हे. सकाळी दोघंही कामावर गेल्यावर त्या घरात एकट्या असतात आणि त्यांना खरंच थंडी वाजत असते.

तेव्हा थर्मोस्टॅट २० किंवा २१ वर ठेवा आणि ती गोष्ट घरात एकदाची ठरवून टाका. यजमानांना सांगा, बचत दुसऱ्या आकड्यातून होणार आहे. सासूबाईंना सांगा की २५ केल्याने घर लवकर तापत नाही. तुमच्यासारखा साधा थर्मोस्टॅट बॉयलरला फक्त ‘चालू हो’ किंवा ‘थांब’ एवढंच सांगतो. २१ असो की २५, घर सारख्याच वेगाने तापतं, फक्त २५ वर ते थांबायला हवं तिथे थांबत नाही.

आणखी एक अडचण येईल, तिची तयारी ठेवा. आजवर रेडिएटर इतका तापत होता की हात ठेववत नव्हता. आता तो कोमट ते गरम लागेल, हात ठेवता येईल असा. सासूबाई जाता-येता त्याला हात लावून बघतील आणि ‘अगं, हीटर बंद पडलाय’ म्हणून तुम्हाला ऑफिसात फोन करतील. त्यांच्या खुर्चीजवळच्या टेबलावर एक साधा, मोठ्या आकड्यांचा थर्मामीटर ठेवा, पाच-दहा पौंडांत मिळतो. रेडिएटरला हात लावायचा नाही, हा आकडा बघायचा, असं त्यांना समजावून सांगा. त्यावर २० च्या वर दिसत असेल तर सगळं ठीक चाललंय. तरीही अंग गार वाटलं तर विजेवर चालणारी पांघरायची ब्लँकेट घेऊन द्या. ती साधारण शंभर वॉट खाते. अख्खं घर चार अंशांनी तापवण्यापुढे तो खर्च काहीच नाही, आणि लोकरीचे मोजे तर हवेतच, कारण इथली थंडी आधी जमिनीतून पायांत शिरते. घरात रांगणारं मूल असेल तर कमी पोळणारा रेडिएटर हा आणखी एक फायदा.

नळाचा आकडा. ६० अंशांचं पाणी थेट अंगावर कोणीच घेत नाही, भाजेल. सासूबाई बादली-तांब्याने आंघोळ करत असतील तर आधी कढत पाणी सोडून मग गार मिसळत असतील. म्हणजे आधी गॅस जाळून पाणी ६० पर्यंत न्यायचं आणि लगेच गार करायचं. कॉम्बी बॉयलरमध्ये नळाचा आकडा ४८ ते ५० वर आणा. बादलीत गार पाणी अगदी थोडं मिसळावं लागेल आणि तेलकट कढई घासायलाही एवढं पाणी पुरतं. त्याचबरोबर बॉयलरवर ‘ईको’ आणि ‘कम्फर्ट’ किंवा ‘प्रीहीट’ अशी सोय आहे का बघा. कम्फर्ट चालू असेल तर नळ उघडल्याबरोबर गरम पाणी यावं म्हणून बॉयलर दिवसभर अधूनमधून आतलं थोडंसं पाणी तापवत बसतो, घरात कोणी नसलं तरी. ते बंद करून ईकोवर ठेवा. नळाला गरम पाणी यायला थोडा वेळ जास्त लागेल, बस.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी इथे थांबून एक इशारा देते, आणि तो कृपा करून हलक्यात घेऊ नका. वरचं सगळं कॉम्बी बॉयलरचं आहे, म्हणजे ज्याला पाण्याची वेगळी टाकी नसते त्याचं. तुमच्या घरात कपाटात गरम पाण्याचं उंच सिलिंडर असेल तर त्यातलं पाणी ६० अंशांवरच साठवलं पाहिजे. त्याखाली, विशेषतः २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाच्या जिवावर बेतू शकतो. अशा घरात सिलिंडरचा थर्मोस्टॅट ६० च्या खाली आणायचा नाही. आणि रेडिएटर व सिलिंडर दोन्हींना एकाच आकड्याचं पाणी जात असेल तर बॉयलरही ६५ च्या खाली नेऊ नका, नाहीतर सिलिंडर ६० ला पोचणारच नाही.

परत तुमच्या घराकडे. रेडिएटरवर कपडे वाळत घालत असाल तर ते बंद करा. ऊब खोलीत येण्याऐवजी कपड्यांत जाते आणि ती ओल भिंतीवर बुरशी बनून परत दिसते. सोफा रेडिएटरला चिकटवून ठेवला असेल तर वीतभर पुढे ओढा. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागत असेल तर आत हवा अडकली आहे, छोट्या किल्लीने ती सोडता येते. त्यानंतर बॉयलरचा दाब तपासा, पाणी गार असताना काटा एक ते दीड बारच्या दरम्यान हवा. खालून गार असेल तर आत गाळ बसलाय, ते काम मेकॅनिकचं. रिकाम्या बेडरूममधल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह दोनवर ठेवा आणि दार लावून घ्या. ज्या जागी थर्मोस्टॅट आहे तिथला रेडिएटर मात्र पूर्ण उघडा असू द्या, नाहीतर थर्मोस्टॅटला घर गारच वाटत राहील आणि बॉयलर थांबणार नाही.

यातून किती वाचेल? २०२२ च्या हिवाळ्यात, इथे गॅसचे दर आकाशाला भिडले होते तेव्हा, नेस्टा या संस्थेने लोकांना हाच आकडा कमी करायला लावणारी मोहीम काढली होती. तेव्हापासून सांगितला जाणारा अंदाज गॅसच्या सहा ते आठ टक्क्यांचा आहे. ऑफजेम या वीज-गॅसच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये मध्यम वापराचं घर वर्षाला ११,५०० युनिट (किलोवॉट-तास) गॅस वापरतं असं धरलं होतं. युनिटला सहा-सात पेन्सच्या हिशेबाने वर्षाला पन्नास पौंड मागेपुढे. तुमचं बिल कशाने निम्मं होईल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण हे पन्नास पौंड दरवर्षी मिळणार आहेत, एक पैसा न घालता, आणि थर्मोस्टॅट १८ वर न आणता. मोठी बचत हवी असेल तर पुढची पायरी पोटमाळ्यावरचं इन्सुलेशन. ते पातळ असेल तर पहिला खर्च तिथे करा, नव्या चकचकीत स्मार्ट थर्मोस्टॅटवर नको.

वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला जो माणूस येईल त्याच्याकडे गॅस सेफचं ओळखपत्र मागा. इथे गॅसच्या उपकरणावर काम करण्यासाठी त्या नोंदणीत नाव असावंच लागतं. तो आला की त्याला आणखी एक विचारा: बॉयलरची हीटिंगची कमाल शक्ती घराच्या मानाने कमी करता येईल का. कॉम्बी बॉयलर झटपट गरम पाणी देता यावं म्हणून २४ ते ३० किलोवॉटचे असतात. तुमच्यासारख्या घराला हीटिंगसाठी त्याच्या निम्म्यानेही भागतं. शक्ती जास्त असली की बॉयलर चालू-बंद, चालू-बंद करत राहतो आणि त्यात गॅस वाया जातो. ही सेटिंग आतल्या मेनूत असते, तिला तुम्ही हात लावू नका.

रात्री भिंतीवरच्या स्विचने बॉयलर बंद करायचा विचार मात्र सोडून द्या. पुण्याच्या गीझरमध्ये पाणी साठलेलं असतं, चालू ठेवला की ते पुन्हा पुन्हा तापतं, म्हणून बंद करण्यात शहाणपण होतं. तुमच्या कॉम्बीमध्ये ईको लावल्यावर साठा असा काही राहत नाही. बॉयलरला बर्फापासून जपणारी सोय विजेवर चालते. स्विच बंद केला की तीही बंद. रात्री थर्मोस्टॅट किंवा टायमरने १८ वर आणा. घर तेवढंच निवेल आणि सकाळी वर यायला त्रास होणार नाही.

फेब्रुवारीतल्या दहा दिवसांचंही तेच. पूर्ण बंद करून जाऊ नका, थर्मोस्टॅट १० ते १२ अंशांवर ठेवून जा. घर रिकामं असताना पाइपात पाणी गोठून पाइप फुटला तर छतातून पाणी ओघळून जे नुकसान होतं, त्यापुढे दहा दिवसांचा गॅस म्हणजे किरकोळ खर्च. बऱ्याच घरविम्यांमध्ये हिवाळ्यात घर रिकामं सोडताना हीटिंग किती ठेवायचं याची अट लिहिलेली असते आणि ती पाळली नाही तर भरपाई अडते. तिकिटं काढायच्या आधी तुमची पॉलिसी काढून ते कलम वाचा, तिथे वेगळा आकडा दिला असेल तर तोच ठेवा, आणि शेजारी कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे एक किल्ली द्या.